भूमितीच्या सरांचा कोट

"हात हलवू नका, बाबा. म्हणजे हलवा, पण जरा हळू."

"रफू काय श्वास रोखून करतात होय? सुई चालणारच."

"चालू दे की! पण तुमचा अंगठा मध्ये येतो. लोकांना अंगठा नाही बघायचा, भोक बघायचंय."

भिंगकाकांनी अंगठा मुकाट्याने बाजूला घेतला. ज्या अंगठ्याच्या जिवावर चाळीस वर्षं पोट भरलं, त्यालाच आज बाजूला व्हायला सांगत होते. लेक स्टुलावर उभी राहून मोबाइल वाकवून धरत होती. टेबलावरच्या दिव्याला तिने पांढरा कागद गुंडाळला होता. त्याने म्हणे उजेड मऊ पडतो.

काकांच्या कपाळावर कायम एक भिंग बांधलेलं असायचं, म्हणून ते भिंगकाका. एकदा ते भिंगासकट बँकेत गेले होते आणि सही करताना ते डोळ्यावर ओढलं होतं, तेव्हापासून तर हे नाव पक्कंच झालं. किल्लीवाल्याच्या टपरीशेजारी त्यांचं दुकान. दुकान कसलं, बोळ. आत दोन माणसं आली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलावं.

पूर्वी दुकानाच्या मागच्या दांडीवर कोट, शाली, स्वेटर दाटीवाटीने लटकलेले असत. आता कपडा फाटला की लोक फेकून देतात. लेकीचं ऑफिस आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं आणि ती दुकानात येऊन बसायला लागली. तिचा हात चांगला होता, अगदी आईसारखा. पण दांडीच रिकामी असेल तर हात चांगला असून काय उपयोग? तिची मैत्रीण लांबच्या शहरात मालाच्या गोदामात लागली होती आणि हिलाही बोलवत होती. तिचे फोन आले की काका उगाच कात्रीला धार लावत बसायचे.

"मला सहा महिने द्या, बाबा," लेक म्हणाली होती. "आपण दुकानाचं पेज काढू. व्हिडिओ टाकू. नाही जमलं, तर मी जाते."

पहिल्या व्हिडिओला अकरा लाइक मिळाले. त्यातले चार मावशीच्या घरचे. दुसऱ्याला नऊ. अडचण अशी होती, की चांगलं रफू दिसत नाही. आधी भोक, मग काहीच नाही. एकाने तर खाली लिहिलं, 'दुसरंच कापड दाखवलं, आम्ही काय वेडे?'

काकांना ते वाक्य लागलं. दोन दिवस घासाघासाला त्यांना तेच आठवत होतं.

"तुमच्या हातचं सगळ्यात भारी काम दाखवा ना एकदा," लेक म्हणाली. "म्हणजे तोंडं बंद होतील सगळ्यांची."

तेव्हा काकांनी उठून दांडीवरून सरांचा कोट काढला.

सर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. हा एकच कोट. शेवाळी रंगाचा, त्यावर बारीक विटकरी चौकडा. वीस वर्षं तो काकांकडे यायचा तो कापडी पिशवीत, वर पाव ठेवून. रस्त्यात कुणी विचारलंच, तर सर पाव आणायला निघालेले असत. पिशवी टेबलावर ठेवून ते दरवेळी हळूच म्हणायचे, "आपल्या दोघांतच हं, भिंगवाले." आणि काका म्हणायचे, "सर, रफूवाल्याच्या पोटात शंभर भोकं असतात. एक बाहेर येत नाही."

या वेळचं दुखणं मोठं होतं. इस्त्री करताना सरांना डुलकी लागली होती आणि डाव्या छातीवर तळहाताएवढा भाग जळून गेला होता. रफूला धागा त्याच कपड्याचा लागतो. शिवणीच्या आतून, दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून उसवून घ्यायचा आणि बाहेर विणायचा. या कोटाच्या शिवणी वीस वर्षांत रिकाम्या झाल्या होत्या. काकांनी कॉलरच्या खालून घेतला, आतल्या खिशातून घेतला, चौकड्याची एकेक रेघ मोजून बसवली. अकरा दिवस लागले. जळलेल्या भागाचा फोटो त्यांनी आधीच काढून ठेवला होता, नुसता स्वतःसाठी. असं काम पुन्हा हातून होणार नाही, हे त्यांना कळत होतं.

आता शेवटच्या चार रेघा राहिल्या होत्या आणि त्याच लेक मोबाइलवर घेत होती. व्हिडिओच्या सुरुवातीला तो जळलेल्या भागाचा फोटो लावायचा होता.

"ज्यांचा कोट आहे त्यांना विचारलंय ना, बाबा?"

"हो हो. आणि नाव कुठं दिसतंय त्यात?"

विचारलं नव्हतं. माणूस वाईट संगतीने बिघडतो म्हणतात, ते तरुणपणी. साठी उलटलेल्या माणसाला बिघडवायला थोडंसं कौतुक पुरतं.

दुसऱ्या दिवशी सर कोट न्यायला आले. कोट खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी छातीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"कुठे होतं हो?"

"तुम्हीच सांगा, सर."

"नाही बुवा सापडत." सर लहान मुलासारखे हसले, कोट अंगात घालूनच बाहेर पडले आणि पिशवीतला पाव काकांनाच देऊन गेले. व्हिडिओचं तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं, पण सरांचा चेहरा इतका फुललेला होता की म्हटलं, राहू दे.

चौथ्या दिवशी किल्लीवाला टपरीतूनच ओरडला, "काका, तुम्ही तर पार वर गेलात! माझ्या मेहुणीने मलाच पाठवलाय तुमचा व्हिडिओ. विचारते, हे तुमच्या शेजारी बसतात का? म्हटलं, आजपर्यंत तरी बसत होते, आता ओळख देतील की नाही कोण जाणे."

ऐंशी हजार लोकांनी पाहिला होता. संध्याकाळपर्यंत दोन लाख. लेक पुन्हापुन्हा आकडा वाचून दाखवत होती आणि दर वेळी तिचा आवाज थोडा वर जात होता. दुकानात लोक आले. खरेखुरे, हातात कपडे घेऊन. काकांनी दांडीवरची धूळ पुसली. आई गेल्यानंतर लेक अशी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

जेवणाच्या वेळी त्यांनी भिंग खाली ओढलं आणि लेकीच्या मोबाइलवर खालचं लिहिलेलं वाचायला घेतलं. कौतुकच कौतुक. वाचता वाचता बोट थांबलं.

'अरे, हा आपल्या भूमितीच्या सरांचा कोट!'

त्याच्याखाली रांगच लागली होती. 'शंभर टक्के! उजव्या खिशात खडू असायचे.' 'आम्ही म्हणायचो, सर कोटासकट जन्मले.' 'अजून तोच घालतात??' हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. मग एकाने लिहिलं होतं, 'हसू नका रे. सरांवर ही वेळ आली आणि आपल्याला पत्ताही नाही.' त्याला नऊशे लाइक होते.

नाव झाकलं की झालं, असं काकांना वाटलं होतं. चाळीस वर्षं कपड्याकडे इतक्या जवळून बघितलं होतं की त्यांना उभे-आडवे धागेच दिसायचे, अख्खा कोट दिसायचाच नाही. फळ्यासमोरचा तो कोट ज्यांनी रोज बाकावरून बघितला, त्यांना नावाची काय गरज?

"काढून टाक तो," काका म्हणाले.

"काय?"

"व्हिडिओ. आत्ता काढ."

"बाबा, वेड लागलंय का? आत्ता कुठे लोक यायला लागलेत! आणि सर हो म्हणालेत ना?"

काका ताटाकडे बघत राहिले. "मी विचारलंच नव्हतं."

लेकीने मोबाइल त्यांच्या हातातून घेतला. तिने व्हिडिओ काढला, पण तोवर तो दहा ठिकाणी लागला होता आणि त्या दहांचे शंभर झाले होते. "आता माझ्या हातात नाही, बाबा," ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

रोज ते ठरवायचे, आज सरांकडे जायचं. रोज दुकानात कुणीतरी यायचं. कामाचं काय, लाज झाकायला तेही एक बरं पांघरूण असतं.

पंधरा दिवसांनी लेकीने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. "सरांच्या विद्यार्थ्यांचा व्हिडिओ आहे, आपल्या पेजचं नाव टाकलंय यात. बघायलाच हवं तुम्ही."

शाळेचं सभागृह. मागे फुलं, फलक. जुने विद्यार्थी, कुणाला टक्कल, कुणाचं पोट सुटलेलं. सगळ्यांनी मिळून सरांसाठी नवा कोट घेतला होता. एकजण माइकवरून सांगत होता, सरांनी आम्हाला घडवलं आणि स्वतः मात्र जळका कोट शिवून घालत राहिले. मागच्या पडद्यावर काकांनी काढलेला फोटो, भोक भिंतीएवढं. मग दोघांनी पुढे होऊन सरांच्या अंगातला जुना कोट उतरवला. क्षणभर सर सगळ्यांपुढे नुसत्या शर्टात उभे होते, दोन्ही हात पुढे आवळून, दवाखान्यात माणूस उभा राहतो तसे. नवा कोट चढवला. टाळ्या थांबेचनात. सर हसत होते. बाह्या दोन बोटं लांब होत्या.

काकांना बघवेना. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, दुकानातून उठले.

सरांनीच दार उघडलं. "या या, भिंगवाले. चहा टाकतो."

"सर, मी—"

"बसा तर खरं."

खोली नीटनेटकी होती. दाराआडच्या खुंटीवर नवा कोट प्लॅस्टिकच्या आवरणात लटकत होता. त्याची फीतही अजून सुटलेली नव्हती. सर दोन कप घेऊन आले.

"सर, चूक माझी आहे. मुलीचा काही दोष नाही. तिने विचारलं होतं, मीच खोटं बोललो. मला वाटलं, एवढं काम केलं, चार लोकांनी बघावं."

सरांनी मान हलवली. "काम सुंदरच होतं. घरी आल्यावरही मी ती जागा शोधत होतो. सापडली नाही. दोन-तीन दिवस तर मी विसरूनच गेलो होतो की तिथे काही होतं." ते चहात बघत राहिले. "मग सगळ्यांना सापडली."

"तो जुना कोट द्या सर, मी—" काय करणार, ते काकांनाही ठाऊक नव्हतं.

"तो कुठाय माझ्याकडे? शाळेत काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. शेजारी भोकाचा फोटो. मुलांना साधेपणा कळावा म्हणून." सरांनी कप खाली ठेवला. "मी साधा नव्हतो हो, भिंगवाले. मला तो कोट आवडायचा. हिने कापड निवडलं होतं."

चहा निवत गेला.

"पोरांचं मन मोठं आहे," सर म्हणाले. "त्यांच्यावर राग कसा धरणार? आणि तुमच्यावर तरी कसा धरू? तुमचं दुकान चालायला लागलं म्हणतात."

"चाललंय."

"मग झालं तर." सर जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि काका खाली उतरेपर्यंत वर उभे राहिले. पुन्हा या, असं मात्र म्हणाले नाहीत.

त्या हिवाळ्यात दांडी वाकेल इतके कपडे आले. मैत्रिणीचे फोन बंद झाले. लेकीने पेजवर एक ओळ लिहिली, 'विचारल्याशिवाय आम्ही कुणाच्याही कपड्याचा फोटो काढत नाही,' आणि ती खरोखर पाळायची. गंमत अशी, की बहुतेक जण स्वतःच म्हणायचे, "काढा ना, टाका ना, आमचं नावही टाका."

एका सकाळी कडाक्याची थंडी होती. दुकानाबाहेर सात-आठजण उभे होते, तोंडातून वाफा निघत होत्या. रांगेतला एक तरुण अचानक रस्त्याकडे बघून ओरडला, "अरे, सर! सर, नमस्कार!"

समोरच्या कडेने सर चालले होते. अंगात नुसता शर्ट, आत दोन बनियन घातलेले कळत होते, हात बगलेत. ते थांबले. दुकानाकडे त्यांनी पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं.

"सर, एवढ्या थंडीत? नवा कोट कुठाय?"

"धुवायला टाकलाय रे," सर म्हणाले.

"असा न घालता फिरू नका हं, सर. आम्ही रागावू!"

रांगेतले सगळे हसले. सरही हसले. त्यांनी एक हात बगलेतून काढून वर केला, पुन्हा बगलेत घातला आणि पुढे निघाले, फळ्यावर रेघ मारावी तसे सरळ, अजिबात घाई न करता.

काका खाली मान घालून बसले होते. हातातल्या बाहीवरची रेघ त्यांना दिसेना.

"बाबा, मी करू का ते?" लेकीने विचारलं.

काकांनी बाही तिच्याकडे सरकवली आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.