राणीछाप रुपयाची फेरतपासणी

परीक्षक तोताराम गुरुजींनी भिंगातून नाणं पाहिलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बैसाणे, घासलेला रुपया अव्वल म्हणून मांडता? लोकांना काय खुळं समजलात?"

जळगावच्या नाणी-प्रदर्शनाचा तो पहिला दिवस, डिसेंबर त्र्याण्णवचा. अभिमन बैसाणे पोस्टात पत्रं निवडायच्या कामावर होता. बारा वर्षं नाणी जमवत होता, पण चारचौघांत मांडायची ही पहिलीच खेप. त्याचा राणीछाप रुपया टेबलावरून उचलून त्याच्या हातात परत दिला गेला आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'फसवणूक' असा शेरा पडला. शेजारच्या टेबलावरचे दोघे तोंडावर रुमाल धरून हसले. ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. अहो, त्यानं नाण्याचं पाकीट उघडलंसुद्धा नव्हतं! धुळ्याच्या रुपचंदशेठकडून जानेवारीत घेतलं, तसंच लाखेच्या सीलसकट मांडलं होतं. पारदर्शक पाकिटात शेठच्या सहीची चिठ्ठी होती: 'प्रत अव्वल. सील शाबूत असल्यास फेरतपासणी करू. प्रत उतरल्यास तसे लिहून देऊ किंवा पैसे परत.'

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन धुळ्याच्या एसटीत बसला. शेरा पुसल्याशिवाय घरी तोंड दाखवायचं नाही, हे त्यानं पारोळा यायच्या आतच ठरवून टाकलं होतं.

रुपचंदशेठचं दुकान म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. विकताना गुळासारखा गोड असलेला शेठ माल परत आलेला बघताच आंबट झाला. तरी सील तपासलं, भिंग लावलं.

"घासलंय खरं. घासलं की नाण्याची प्रत गेलीच," तो म्हणाला. "भाऊ, दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडलं असेल. बायका चिंच लावून घासतात. चालायचंच."

"शेठ, आम्ही बौद्ध. आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं."

शेठ घुटमळला. "मग शेजारणीनं नेलं असेल."

"आणि सील न फोडता घासलं? मोठी हुशार शेजारीण!"

शेठनं गल्ला उघडला. "पैसे घ्या, नाणं ठेवा. विषय संपला."

"नाणं तुमच्याकडे राहिलं की पुरावाही तुमच्याकडेच. मला पैसे नकोत. पाकिटात भरण्याआधीच घासलेलं होतं, एवढं लिहून द्या."

"माझ्या दुकानात नाणी घासतं कोण?" शेठ कडाडला. "धुळ्यात नाव आहे माझं!"

"घसस कोन म्हंजे? मी घसस!" आतून चहा घेऊन आलेली शेठची आई, बेबाबाई, दारातच थांबली होती. "दरसाल दिवाईले बठ्ठा रुप्या मीच धोस. चिच लाईसन, रांगोयी लाईसन. लक्ष्मीले काया रुप्या चालतस का?"

शेठच्या तोंडचं पाणीच पळालं. नाण्यांची प्रत तो आश्विनात ठरवायचा, चिठ्ठ्या लिहून ठेवायचा आणि मुहूर्त म्हणून पाकिटं भरायचा पाडव्याला. मधल्या लक्ष्मीपूजनाला आई सगळेच रुपये लखलखीत करत होती आणि हा पठ्ठ्या भिंगाला हातही न लावता सील ठोकत होता. मागच्या कपाटात अशी दोनशे पाकिटं होती.

"माय, तू घरमा जाय," तो हळूच म्हणाला.

"का बरं जाऊ? मनं करेल काम शे, चोरी नही. लिखी दे त्याले."

शेठनं कपाटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. अभिमन स्टुलावरून हलला नव्हता. चहाही त्यानं घेतला नव्हता.

"हे लिहून दिलं तर तुमचं नाणं अव्वलवरून तिसऱ्या प्रतीत जाईल," शेठ म्हणाला. "कवडीमोल होईल."

"होऊ द्या."

शेठनं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. म्हातारीनं चहाचा कप पुन्हा पुढे केला तेव्हा कुठे अभिमननं तो उचलला.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडताच त्यानं रुपया आणि कागद तोताराम गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. गुरुजींनी सील पाहिलं, कागद वाचला. मग वहीतला शेरा खोडला आणि बारीक आवाजात म्हणाले, "ठीक आहे बैसाणे. मांडा तुमच्या जागी."

अभिमन जागचा हलला नाही.

"गुरुजी, कागद वाचा."

"वाचला की."

"परवा बोललात तेवढ्या आवाजात वाचा."

रुमालवाले दोघे माना वर करून बघत होते. गुरुजींनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि उभे राहिले.