सांध्यावरचे दगडफूल

मित्रांनो, मी एक जुने दगडफूल आहे आणि आज सकाळीच माझ्या अर्ध्या अंगावरून तारेचा ब्रश फिरून गेला आहे.

नावात फूल असले तरी मी फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे मी. बुरशी घर धरून ठेवते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करते. मला मूळ नाही, पान नाही. उघड्या दगडावरचा पिवळट हिरवा डाग, त्यात बारीक भेगा आणि कडेला काळी किनार, एवढेच माझे रूप. वर्षभरात मी जेमतेम नखाच्या जाडीइतके पसरते.

माझा जन्म एका हद्दीच्या दगडावर झाला. तो खडकावर घट्ट बसवलेला होता. आज त्याच्या एका बाजूला बहिणीची रोपवाटिका आहे, दुसऱ्या बाजूला भावाचा सुतारकारखाना. सत्तर वर्षांत मी तळहाताएवढे झाले आणि सांधा ओलांडून खालच्या खडकावर उतरले. कौतुक कोणी केले नाही. फक्त त्यांचे वडील दगडावर डबा ठेवताना मला चुकवून ठेवत.

गेल्या महिन्यात बहिणीने हद्दीलगत रोपांसाठी काचेची खोली बांधली. भाऊ दोरीने जागा मोजून तावातावाने आला.

“दगड सरकवलास तू! दोन हात आत घुसलीस.”

“दादा, मातीचं पोतं उचलायलासुद्धा मी तुला हाक मारते. हा दगड मी हलवीन?”

“मजूर लावले असशील. मोजणीदार येऊ दे, होऊ दे सोक्षमोक्ष.”

दगड सरकलेला ठरला तर खोली पाडायची, असे दोघांनी कबूल केले.

आज मोजणी होती. पाहुणा येणार म्हटले की कुंड्या घासायच्या, ही बहिणीची जुनी सवय. दगडावर खोदलेला आकडा स्वच्छ दिसावा म्हणून ती बादली आणि ब्रश घेऊन बसली. आपला एकुलता एक साक्षीदार ती आपल्याच हाताने पुसत होती आणि मला ओरडता येत नव्हते. वरचा भाग गेला. आकडा दिसला. ब्रश सांध्याकडे वळला.

“अहो, थांबा! हात थांबवा!” मोजणीदार बाई फाटकातून धावतच आल्या.

“एवढंच राहिलंय, बाई. दोन मिनिटांत चकाचक करते.”

“चकाचक करून खोली घालवाल!” त्यांनी गुडघे टेकून भिंग लावले आणि भावाला जवळ बोलावले. “हे बघा. थोडं दगडावर, थोडं खडकावर, मधे कुठे चीर नाही. दगड हलला असता तर हे फाटलं असतं. आणि एवढं वाढायला कित्येक वर्षं लागतात.”

भाऊ बराच वेळ वाकून राहिला. “म्हणजे माझीच दोरी चुकली.”

“दोरी कसली, दादा? डोकं!” बहीण म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

त्याने कानावरची पेन्सिल काढून माझ्याभोवती रेघ मारली. “ह्याच्या आत ब्रश घालायचा नाही.”

खोली वाचली. पण मित्रांनो, ब्रश अजून बादलीत उभा आहे आणि पेन्सिलची रेघ पाण्याने पुसली जाते. माझा गेलेला भाग भरून यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतील. म्हणून डाग दिसला की घासण्याआधी एकदा वाकून बघा. ब्रशला दोनच मिनिटे लागतात.