उलटं घर

समीक्षाचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते. ‘सर, मी दारात उभी राहिले की आरपारबाबाच्या भिंगातून आमचं घर उलटं दिसतं. सासूबाईंनी माझा फोन काढून घेतलाय, आता मला माहेरी उर्सेला धाडणार आहेत. असं का दिसतं, तेवढं लिहून कळवा. त्यांना वाचून दाखवीन.’

वलवणचे निवृत्त विज्ञानशिक्षक हौशीराम यांनी उत्तराचे चार कागद फाडले. आकृती चुकली तर? शेवटी ते स्वतःच तिच्या सासरी सुदुंबऱ्याला गेले, तेव्हा समीक्षाला माहेरी धाडून आठवडा झाला होता.

अंगणात ही गर्दी. बाबा हात लांबवून तिच्या सासूच्या, शालूबाईच्या डोळ्यांपुढे भिंग धरत होता.

“बघ मावशी. अवदसा गेली, घर सुलटं झालं. आपली नजर आरपार.”

“व्हय की. कौलं वर, उंबरा खाली.”

माणसांनी हात जोडले. जिलबी वाटली गेली. पोरीला हाकलल्याची जिलबी.

हौशीरामांनी आपला चष्मा काढला. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशननंतरचा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड. समोरच्या माणसांचे नुसते ठिपके झाले. म्हणूनच बहुधा त्यांना बोलता आलं.

“शालूबाई, हा चष्मा हातभर लांब धरून घराकडं बघा.”

“अगं बया, पुन्हा उलटं. पर ती तर हितं न्हाई.”

“आता बाबाकडं बघा.”

“ह्योबी डोक्यावर उभा.”

“मग बाबालाबी माहेरी धाडा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“श्रद्धा लागते, श्रद्धा,” बाबा झोळी आवरू लागला. शेजारच्या संदेशने ती धरली. आतून दुसरं भिंग निघालं. हौशीरामांनी दोन्ही भिंगं बोटांनी चाचपली.

“हे मध्ये फुगीर, माझ्या चष्म्यासारखं. यातून किरण एकत्र येऊन एकमेकांना ओलांडतात, म्हणून लांबचं उलटं दिसतं. हे मध्ये खोलगट. किरण फाकतात, चित्र लहान पण सुलटं. सून दारात असली की पहिलं, गेली की दुसरं. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र उलटंच पडतं, मोबाइल ते सुलटं करून दाखवतो. त्याला कुठली सून बाधली?”

जिलबीचे हात धोतराला पुसले गेले.

“मास्तर, उद्या घिऊन येते तिला,” शालूबाई पुटपुटली.

“आधी तिला विचारा.”

घरी येऊन त्यांनी समीक्षाला लिहिलं: ‘उशीर झाला, तो दोष माझा. खाली दोन्ही भिंगांची आकृती आहे. सासूबाई न्यायला येतील. जायचं की नाही, ते तू ठरव. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी वस्तू हातात मागून घे.’

आकृती पुन्हा न तपासता त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.