अंगठ्याला रबर

सकाळपासून मुर्सिना चौथ्यांदा उठली, तेव्हा रुस्मीने कात्री बाकावर आपटली. कुदूस शहरातल्या त्या सिगारेट कारखान्यात बायका जोडीने बसत. मुर्सिना लवंग मिसळलेली तंबाखू कागदात वळायची, समोरची रुस्मी टोकं कापायची. वळणारी उठली की कापणारीचे हात रिकामे.

"मबाक, नळ गळतोय का तुमचा?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी हाक मारून रुस्मीने टोमणा हाणला. शेजारच्या जोड्या फिदीफिदी हसल्या.

मुर्सिनाही हसली, मांड्या आवळून. संडासात चार थेंब पडायचे, तेही जळजळत. परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा कळ. गावात याला अन्यांग-अन्यांगान म्हणत आणि उपायही सगळ्यांना पाठ होता: पायाच्या अंगठ्याला रबर बांधायचं. तिने सिगारेटचे गठ्ठे बांधायच्या रबरांतलं एक घेऊन दोन वेढे दिले. पाणीही तोडलं. प्यायलंच नाही, तर लागेल कशी?

दुसऱ्या दिवशी तिसरा वेढा. तिसऱ्या दिवशी लघवीत रक्त दिसलं आणि थंडी भरून ती बाकावरच कलंडली.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने आधी काळानिळा अंगठा पाहिला. "हे कुणी सांगितलं?"

"सगळेच बांधतात."

लघवी तपासून झाल्यावर नर्स म्हणाली, "जंतू मूत्राशयात आहेत, अंगठ्यात नाहीत. पाणी तोडलंत, वर दाबून धरलंत. त्यांना रानच मोकळं दिलंत." तिने रबर कापलं, गोळ्या दिल्या. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. पाणी भरपूर प्या. लागली की उठा."

"उठले तर जोडी जाते, बाई."

नर्सने पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठवड्याने मुर्सिना परतली, तर तिच्या जागी दुसरीच वळत होती. त्या बाईशेजारी पाण्याची बाटली नव्हती.

"बऱ्या झालात? छान," रुस्मी मान वर न करता म्हणाली. "पण हिची-माझी लय बसलीय, मबाक. जेवणापर्यंत जागची हलत नाही ही."

"आता मीही हलत नाही. अकरा वर्षं बसलो की गं आपण!"

"म्हणून तर तीन दिवस मुकादमाकडे तक्रार केली नाही."

मुकादम जवळ आला. आवाज मऊ करून म्हणाला, "झाडलोटीला एक बाई हवीच आहे. तिथे कितीदाही जा, कुणी विचारणार नाही."

"आजपासून?" मुर्सिनाने विचारलं.