कडू लाडू

अब्दुस्समद तांडेलाइतका सभ्य माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर नाही, असं दिघीची माणसं सांगायची. आणि दिघीची माणसं सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाहीत. खाडीपार माणसं नेणाऱ्या त्याच्या मचव्यात बायका चढू लागल्या की हा पाण्याकडे नजर वळवून उभा राहायचा. वाटेत कुणाच्या झाडाचा आंबा पडलेला दिसला तर उचलून मालकाच्या ओट्यावर ठेवून यायचा. असा हा माणूस, पण पन्नाशी उलटली न उलटली तोच त्याने लाज अशी काही गुंडाळून ठेवली की त्याची बायको जहुरा रोज कुणा ना कुणाच्या दारात माफी मागत उभी दिसू लागली.

आधी तो मयतीत खदाखदा हसला. मग वाण्याच्या दुकानात, वाणी समोर बसलेला असताना, बरणीत हात घालून गूळ खाल्ला. जहुरा तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या उशाशी बसून तिच्या वाटणीची पेज पिऊन टाकली आणि शीळ घालत निघून गेला. हे मात्र जहुराच्या जिव्हारी लागलं. लग्न झाल्यापासून तिला विचारल्याशिवाय त्याने पहिला घास घेतला नव्हता. त्यावर कळस म्हणजे मौलूदच्या, पैगंबरांच्या जन्मदिवशी, भरल्या जमातीत, मोहम्मद खतीबांच्या हातातली चहाची बशी त्याने काढून घेतली आणि फुर्रकन संपवली.

खतीबांचा शब्द म्हणजे जमातीचा शब्द. त्यांनी तिथेच सांगून टाकलं की येत्या जुम्म्याला समदला जमातीबाहेर काढायचं. म्हणजे त्याचा सलाम घ्यायचा नाही, त्याच्या मचव्यात बसायचं नाही आणि मेला तर जनाज्याला खांदाही द्यायचा नाही.

"चाचा, त्याचं डोकं ठिकाणावर न्हाय," समदचा धाकटा भाऊ नझीर गयावया करत म्हणाला.

"ठिकाणावर न्हाय?" खतीब उखडले. "मग पलीकडं आगरदांड्याला मचवा कसा बिनचूक नेतो? त्याला भरती कळते, वारा कळतो, पाण्याखालचा खडक कळतो. शरम तेवढी कळत न्हाय व्हय? ही मस्ती हाय मस्ती!"

खाडीकाठचा हा जुना हिशेब होता. ज्याचं सुकाणू सरळ त्याचं डोकं सरळ. नझीर मान खाली घालून घरी परतला. जहुराने घरी हे ऐकलं आणि तिलाही क्षणभर वाटून गेलं, खरंच मुद्दाम करत असेल तर? मग तिला स्वतःचाच राग आला.

उत्तर आलं ते समदच्याच मचव्यातून. मुंबईच्या एका इस्पितळातली सत्यवती नावाची डॉक्टरीण खाडी ओलांडत होती. भूक लागली म्हणून तिने डबा उघडला, तर समदने एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने तिची पुरणपोळी उचलली आणि तोंडात कोंबली. मचव्यात सोबतीला असलेला नझीर मेल्याहून मेल्यासारखा झाला. पण बाई चिडली नाही. जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तशी ती समदकडे बघत राहिली. मग तिने दुसरी पोळीही त्याच्यापुढे धरली आणि नझीरला हळूच विचारलं, "हे असं कधीपासून चाललंय?"

दुसऱ्या दिवशी ती जहुराच्या पडवीत हजर. तिने मयतीचं ऐकलं, गुळाचं ऐकलं, पेजेचंही ऐकलं.

"यांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग झिजत चाललाय," ती म्हणाली. "लाज, माया, आपलं-परकं, हे तिथून चालतं. वाट ओळखणारा भाग मागे असतो, तो अजून शाबूत आहे. म्हातारचळात माणूस वाट विसरतो. यांना वाट आठवते, वागणं आठवत नाही. हा रोगच वेगळा. प्राग शहरातल्या एका डॉक्टराने चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. आमचे साहेब म्हणतात, असले रोगी आपल्याकडे नसतातच. मी म्हणते, असतात. आपण त्यांना बदमाश म्हणून हाकलतो, मग ते इस्पितळात दिसणार कसे?"

"दवा?" जहुराने विचारलं.

"नाही, जहुराबी. खोटं कशाला सांगू? हे वाढतच जाणार."

जहुरा म्हणाली, "म्हंजे माझी पेज त्यानं न्हाय पिली. रोगानं पिली."

"हो."

त्यावर जहुरा पोटभर रडली. नवरा बरा होणार नव्हता, तरीही तिला इतकं हलकं वाटत होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "गेल्या महिन्यात मी त्याला कडूजहर काडेचिराइताचा काढा दिला, तर सरबत प्यावं तसा प्याला नि वर भांडं चाटलं."

डॉक्टरीण ताठ झाली. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

जुम्म्याची नमाज झाल्यावर मशिदीबाहेरच्या पटांगणात जमात बसली; समदला नझीरने खतीबांसमोर आणून बसवलं होतं. सत्यवतीबाईने सगळं समजावून सांगितलं. खतीबांनी अदबीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, तुमी शिकलेल्या. पण मेंदू काय आमाला दिसत न्हाय. दिसते ती चोरी."

लोकांच्या माना डोलल्या. संपलंच म्हणायचं. तेवढ्यात कुडाआडच्या बायकांतून जहुरा उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून थाळी घेऊन थेट पुरुषांत आली. जमातीत बाईमाणूस! कुणीतरी खाकरलं, पण ती थांबली नाही. थाळीत नाचणीचे लाडू होते.

"चाचा, आदी तुमी घ्या."

समोर आलेली थाळी परत पाठवणं खतीबांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि दुसऱ्या क्षणी तो बाहेर! "तौबा, तौबा! जहर घातलंस की काय?"

"काडेचिराईत हाय. तुमच्याच घरनं आणलं, चाचीनं दिलं."

पटांगण खो खो हसलं. खतीब पाण्यासाठी हात नाचवत होते. जहुराने थाळी समदपुढे ठेवली.

समदने एक लाडू खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. चेहरा ईद असल्यासारखा. थाळी रिकामी झाली तेव्हा त्याने बोटं चाटली, वाकून खतीबांच्या हातातला उरलेला अर्धा लाडू काढून घेतला आणि तोही खाल्ला. हसणारे एकेक करून गप्प झाले.

"चोर गोड चोरतो, चाचा," जहुरा म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "कडू चोरणारा चोर कुणी बगितलाय?"

खतीब समदकडे बघत राहिले. मग जड आवाजात म्हणाले, "माझ्या लग्नात पानात कारलं वाढलं म्हणून हा पंगतीतून उठला होता. उभ्या जन्मात कडू तोंडात धरलं न्हाय यानं." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "सुकाणू सरळ तर डोकं सरळ, असं आमचे बाप सांगायचे. पण बापांनीबी सगळं बगितलं नव्हतं. ऐका सगळे. समद आजारी हाय आनि आपला हाय. मचव्यात नझीर कायम त्याच्या संगती असंल. जमातीबाहेर कुणी जानार न्हाय."

"आता म्हणू देत साहेबांना, आपल्याकडे नसतात म्हणून!" सत्यवतीबाई स्वतःशीच पुटपुटली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

चहा आला. खतीबांनी बशीत ओतला मात्र, समदचा हात पुढे आला आणि बशी गेली. खतीबांनी कपातला उरलेला चहाही त्याच्या बशीत ओतला.

"दमानं, भावा. गरम हाय."

मग ते उठले आणि त्यांनी समदला सलाम केला. त्यांच्यामागून दुसरा उठला, तिसरा उठला, अख्खी जमात उठली. समदला त्याचं काहीच नव्हतं, तो बशी चाटत होता. त्याच्या शेजारी जहुरा उभी होती. मान ताठ ठेवून तिने एकेकाचा सलाम घेतला.