विष्णुपुरीची रंगीत तालीम

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी जीप थांबते न थांबते तोच अपूर्वाने खाली उडी मारली. लातूर सोडल्यापासून ती स्वस्थ बसली नव्हती. बसणार तरी कशी? आठ दिवसांनी प्रवाळांचा अभ्यास करायला पथक मालवणच्या समुद्रावर निघणार होतं, पाण्याखाली उतरणाऱ्यांची एकच जागा उरली होती आणि उमेदवार दोन, ही आणि श्रीनाथ. पथकाच्या प्रमुख तारामती मॅडम आजची तालीम बघून नाव ठरवणार होत्या.

पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची नळकांडी उतरली, दोर मोजून झाले, नावाडी भुजंगने होडी काठाला लावली. अपूर्वाचा पाय मात्र एका जागी ठरेना. पेट्या उघडल्या, झाकल्या, परत उघडल्या.

"ताई, बसा की जरा," भुजंग म्हणाला. "कवाधरनं येरझारा घालून राहिल्या. तळं कुठं पळून जात न्हाई."

तिच्याकडे पाण्यातलं मीठ मोजणारं यंत्र होतं. आधी ते मिठाच्या पाण्यात बुडवून बघायचं, मग धुवायचं, मग शुद्ध पाण्याच्या बादलीत शून्य दाखवतं का ते तपासायचं. काम साधं. पण यंत्र शून्य दाखवेना. तीनदा बुडवलं, तिन्ही वेळा आकडा वरच.

मॅडमचा पारा चढला. "चाकूरच्या पुढे जीप खड्ड्यात आदळली तेव्हाच मला धास्ती वाटली होती. यंत्राची ही पेटी कुणी बांधली?"

"मी," श्रीनाथ म्हणाला. "पण घट्ट बांधली होती, मॅडम."

"घट्ट बांधली असती तर ही वेळ आली असती? समुद्रावर जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

श्रीनाथची मान खाली गेली. काही न करता जागा अपूर्वाची झाली होती.

तेवढ्यात अपूर्वाची नजर बादलीकडे गेली आणि तिला आठवलं. यंत्र धुतलेलं तांब्याभर पाणी तिने टाकलंच नव्हतं. चांगलं नितळ दिसत होतं, हाताने आपसूक बादलीत ओतलं. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात ती शाळेत होती. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी, आणि वाटीभर सांडलं की आईचा धपाटा. ती सवय अशी हाडीमाशी मुरली होती की कॉलेजचं सगळं शिक्षण तिथे उताणं पडलं.

गप्प बस, मन म्हणालं, कुणाला कळतंय? श्रीनाथ रिकामी पेटी उगाच पुसत बसला होता. तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"मॅडम, यंत्र ठीक आहे. धुतलेलं खारं पाणी मीच बादलीत ओतलं. मला फेकवलं नाही."

"अगं, पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं करत नाहीत!"

"हो, मॅडम."

नवं पाणी भरलं. यंत्राने शून्य दाखवलं. मॅडमनी वहीत श्रीनाथचं नाव लिहिलं आणि कुणाकडेही न बघता त्या होडीकडे गेल्या.

अपूर्वा पाठ फिरवून रडली, अगदी हुंदके देऊन. भुजंगने दोर गुंडाळायला घेतला.

श्रीनाथ जवळ आला. "मी बोलतो मॅडमशी. हे काही बरोबर नाही."

"काही बोलू नकोस." तिने ओढणीने नाक पुसलं. "हे यंत्र चालवता येतं तुला?"

"नाही."

"मग बस इथं. एकदाच सांगेन."

तिने यंत्राचा पट्टा त्याच्या मनगटावर आवळला आणि सांगायला लागली. त्याला पहिल्यांदा काही कळलं नाही. तिने परत पहिल्यापासून सांगितलं.