ज्या फळीवरून कुणी पडत नाही

मी एक जुनी, डगमगणारी फळी आहे, मित्रांनो. म्हणजे होते. आता त्यातलं ‘जुनी’ तेवढं उरलं आहे.

फळी म्हटल्यावर तुम्हाला स्वयंपाकघरातली बरण्यांची फळी आठवेल. मी तशी नव्हे. मी पाण्यावरची. माणसाने माझ्यावर उभं राहायचं, लांब दांड्याचं वल्हं हातात घ्यायचं आणि तोल सांभाळत पाणी कापत जायचं, यासाठी माझा जन्म. नावा दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून मला घडवलं आणि वरून राळेचे चार हात दिले. माझं पोट त्याने मुद्दाम गोल ठेवलं. बघायला आलेलं एक गिऱ्हाईक मला हात लावून म्हणालं, “बाबा, ही तर हलते.”

“मग? स्थिर हवं असेल तर टेबल घ्या,” म्हातारा म्हणाला. गिऱ्हाईक गेलं. म्हाताऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

पहिली दोन वर्षं मी तळ्यावर हौशी लोकांच्या संगतीत घालवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हौशी माणूस फळीवर उभा राहतो तो फोटोपुरता. मग एका उपचार केंद्राने मला विकत घेतलं आणि वयाच्या तिसऱ्या वर्षी मी वैद्यकीय क्षेत्रात आले. हल्ली यापेक्षा कमी अनुभवावरही लोक येतात म्हणे.

केंद्राच्या मागच्या बाजूला एक बंदिस्त तलाव होता. छातीएवढं पाणी, निळ्या फरशा आणि क्लोरीनचा असा वास की नवा माणूस आल्या आल्या शिंकायचा. तिथल्या उपचारतज्ज्ञ बाईंना सगळे तोलबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्या ओ देत.

तोलबाईंचे रुग्ण निराळे होते. कानाच्या आत खोल, ऐकण्याच्या नसेला चिकटून तोलाची नस असते. दोघी एकाच खोलीत नांदणाऱ्या जावांसारख्या. त्या नसेवर कधी कधी एक गाठ धरते. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते, सावकाश वाढते, पण जागा अशी अडचणीची निवडते की डॉक्टरांना ती काढावी लागते. गाठीबरोबर त्या बाजूचा तोल जातो, आणि बऱ्याचदा ऐकणंही. मग माणसाची गत अशी होते, की दोन साक्षीदारांपैकी एक मेला आणि उरलेल्या एकाच्या जबानीवर मेंदूने निकाल द्यायचा. मेंदू ते शिकतो, पण चुकत चुकत शिकतो. कलायचं, सावरायचं, पडायचं, परत चढायचं. दुसरा रस्ता नाही.

हे सगळं माझ्या अंगावर व्हायचं. आधी पालथं झोपायचं, मग बसायचं, मग गुडघ्यांवर, मग उभं, आणि शेवटी डोळे मिटून उभं. अशा माणसाला पाण्यात पडल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होतं. म्हणून तोलबाई स्वतः हातभर अंतरावर पाण्यात उभ्या असायच्या. दिवसातले सहा तास. त्यांच्या बोटांच्या कायमच्या मनुका झाल्या होत्या.

“पडा,” त्या म्हणायच्या. “लाजू नका, पडा. आज जितके पडाल तितके उद्या घरी कमी पडाल.”

लोक पडायचे, शिव्या द्यायचे. मला ‘अवदसा’ म्हणणारे एक निवृत्त पोस्टमास्तर जाताना मला थोपटून गेले. भिंतीवर नियम लिहिलेला होता: जो फळीवर डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहील, त्याला तोल उत्तम असल्याचा दाखला. दहातल्या सहाजणांना तो मिळायचा. उरलेल्या चौघांना तोलबाई सांगायच्या, “अजून नाही.” चौघंही चिडायचे आणि चौघंही परत यायचे. ती माझी उमेदीची वर्षं.

मग पाहुणे आले.

पाहुणे मोठे होते, त्यांचे बूट त्याहून मोठे होते. केंद्राच्या व्यवस्थापकांनी, म्हणजे साहेबांनी, एका शिक्षिकाबाईंना माझ्यावर उभं केलं. बाईंची गाठ काढून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या पडल्या. अगदी मनापासून पडल्या. पाण्याची चादर उसळली आणि पाहुण्यांच्या बुटांवर पसरली. शिक्षिकाबाई वर येऊन खदखदून हसल्या. तोलबाई हसल्या. मीही आपल्या परीने हलले. पाहुणे हसले नाहीत, म्हणून साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाला आला. त्याने माझ्या दोन्ही कुशींना दोन जाडजूड, सीलबंद पाइप लावले आणि मला आरपार भोकं पाडून चार बोल्ट आवळले. आता माझ्यावर म्हैस उभी राहिली असती तरी मी हलले नसते.

“साहेब, ही हलणं हाच उपचार आहे,” तोलबाई म्हणाल्या.

“बाई, रुग्ण इथे बरा व्हायला येतो, पडायला नाही,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

फळी बदलली, पण भिंतीवरचा नियम बदलायचं कुणाला सुचलं नाही. डोळे मिटून दोन मिनिटं! आता तर कुणीही उभं राहत होतं. दहातले दहा. साहेबांचा तक्ता इतका वर चढला, की त्याला वरून कागद जोडावा लागला. मित्रांनो, इतकी वर्षं राबले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. माझं काम बंद पडलं त्या वर्षी माझा फोटो छापून आला.

त्याच वर्षी रंगारी आला.

पन्नाशी उलटलेला, उंच, काटक माणूस. गाठ डाव्या कानाची. तो कान गेला होता, तोंडाची डावी बाजू जराशी उतरली होती, पण सवय अशी की फोन अजून डाव्याच कानाला लावायचा आणि “हॅलो, हॅलो, मोठ्यानं बोल” म्हणून ओरडायचा. बायको उठून फोन उजव्या कानाला लावून द्यायची.

“तीस वर्षं शिडीवर काढलीत मॅडम,” पहिल्या दिवशी तो म्हणाला. “जमिनीवर उतरायचो ते फक्त जेवायला.”

“आणि भांडायला,” बाकावरून बायको म्हणाली.

त्याला हवं होतं ते एवढंच: शिडी. ठेकेदाराने बजावलं होतं, तोलाचा दाखला आण, मगच शिडीवर चढ; नाहीतर खाली बसून डबे ढवळ. डबे ढवळण्याची कल्पना त्याला गाठीपेक्षा जास्त सलत होती.

पाइपांच्या जिवावर तो आठवड्याभरात उभा राहिला. दोन मिनिटं, तीन, पाच. डोळे मिटून, वर शीळ घालत. बायकोने टाळ्या वाजवल्या. तोलबाईंनी वाजवल्या नाहीत. त्याला बाहेर मिटल्या डोळ्यांनी कॉरिडॉरमधून चालवलं, की तो चौथ्या पावलाला भिंतीला लागत होता, हे त्यांनी पाहिलं होतं.

साहेब बाहेरगावी होते त्या सकाळी तोलबाई पाना घेऊन आल्या. त्यांनी चारही बोल्ट काढले. माझ्या कुशी मोकळ्या झाल्या आणि कितीतरी महिन्यांनी मी पाण्यावर हलले. मित्रांनो, काय सांगू! गोठलेल्या अंगात जीव यावा तसं झालं.

रंगारी चढला आणि पडला. परत चढला, परत पडला. तिसऱ्यांदा तो पाण्याखाली तळाकडेच हात मारत राहिला, आणि तोलबाईंनी काखेत हात घालून त्याला वर ओढलं.

“हे काय मॅडम?” तो खोकत म्हणाला. “काल मी पाच मिनिटं उभा होतो.”

“काल पाइप उभे होते. तुम्ही नव्हता.”

“काल जमत होतं, आज तुम्ही पाडताय!”

“शिडीला पाइप लावून मिळणार आहेत का तुम्हाला?”

“शिडी मला शिकवू नका.”

“नाही शिकवत. आठ आठवडे द्या मला. रोज असेच पडा. मग बघा.”

“आठ आठवड्यांत ठेकेदार दुसरा माणूस बघेल. बघतोयच तो.”

“अहो, ऐका ना बाईंचं,” बायको म्हणाली.

“तू गप. एका कानानं ऐकतोय तेवढं पुरे आहे.”

मला त्याचा राग आला नाही. उभं राहता येतंय असं वाटणं फार गोड असतं. ते ज्याच्यापासून हिरावून घ्यावं तो वैरीच होतो.

साहेब परतल्यावर रंगारी त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, त्या बाई मला मुद्दाम पाडतात. दुपारपर्यंत पाइप पुन्हा माझ्या कुशीला होते. तोलबाईंना उपकरणात परस्पर फेरबदल केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. साहेब स्वतः घड्याळ धरून काठावर उभे राहिले. रंगाऱ्याने डोळे मिटले. दोन मिनिटं झाली. मी दगडासारखी स्थिर होते.

“करा सही,” साहेब दाखला पुढे करून म्हणाले.

“याला अंधारात तोल नाही साहेब.”

“नियमात अंधार नाही. तुम्ही करत नसाल तर मी करतो. आणि मग हा तलाव तरी कशाला हवा? बुजवून गाड्या लावू.”

तोलबाईंनी पेन घेतलं. तलाव बुजला तर मागून येणाऱ्यांचं काय, असा काहीसा हिशेब त्यांनी केला असावा. चांगली माणसं वाईट काम करताना नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी विचार करतात. त्यांनी सही केली. मला उलटता आलं असतं तर त्या क्षणी मी सगळ्यांसमोर उलटले असते. पण चार बोल्ट होते, आणि या वेळी नळदुरुस्तीवाल्याने ते जास्तच आवळले होते.

एकोणीस दिवसांनी रंगाऱ्याची बायको एकटीच आली. दाखला तिने प्लॅस्टिकच्या आवरणात घालून घेतला होता, कोपरे दुमडू नयेत म्हणून.

“एका दुकानाच्या तळघरात छत रंगवत होते,” तिने सांगितलं. “दुपारची वेळ. दिवे गेले. तळघराला खिडकी कुठली? मिट्ट अंधार. आपण कलतोय हेच त्यांना कळलं नाही म्हणे. खाली आदळले तेव्हा कळलं.”

“कसे आहेत?”

“खुब्याचं हाड मोडलं. जगतील.” तिने दाखला बाकावर ठेवला. “हा तुमचा कागद. तोल उत्तम म्हणतो.”

तोलबाईंनी कागदावरची आपली सही पाहिली.

“बोला ना काहीतरी.”

“मी सही करायला नको होती.”

“ते मलाही कळतंय. मी शिकलेली नाही, मला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला कसं नाही कळलं?”

“कळलं होतं,” तोलबाई म्हणाल्या.

बायको पिशवी उचलून गेली. दाखला तिथेच राहिला.

पुढे चौकशी झाली. तीन जणांच्या समितीने मला पाण्यात दाबून पाहिलं, ढकलून पाहिलं आणि मी जराही हलत नाही, सबब निर्दोष आहे, असं लिहिलं. पडणं केंद्राबाहेर झालं होतं, त्यामुळे ते तक्त्यात बसलं नाही.

माझे दिवस मात्र भरत आले होते. बोल्टांच्या भोकांतून पोटात पाणी मुरलं, लाकूड फुगलं, राळेला तडे गेले. केंद्राने माझ्या जागी प्लॅस्टिकचा एक रुंद तराफा आणला. त्यावर खाट टाकून झोपता येतं. तोलबाई आता कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे साहेब फिरकत नाहीत तिथे, रुग्णांना जाड गादीवर डोळे मिटून उभं करतात आणि हळू आवाजात म्हणतात, “पडा.”

मला फेकलं नाही. साहेबांना कल्पना सुचली, की मला दर्शनी दालनात टांगावं आणि माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘या फळीवरून आमचा एकही रुग्ण पडला नाही.’ लिहायला कोण? साहेब मनाने इतके वाईट नाहीत, हीच तर पंचाईत आहे. त्यांना रंगाऱ्याची आठवण झाली. बसून करायचं काम, बिचाऱ्याला मदतही होईल.

तो काठी टेकत आला. मला दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. खुर्चीत बसून त्याने घासलं, अस्तराचा हात दिला, दोरी धरून ओळी आखल्या. हात अजून तसाच होता; एकही अक्षर थरथरलं नाही. ‘एकही’पाशी आल्यावर त्याने कुंचला डब्यात ठेवला आणि तोलबाईंना बोलावणं पाठवलं.

“मॅडम, तक्रार मी केली होती,” तो म्हणाला.

“सही माझी होती.”

“आठ आठवडे पडलो असतो तर जमलं असतं?”

“बहुतेक.”

“आता?”

तोलबाईंनी त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, कुंचला उचलला आणि ‘एकही’ पुरं केलं. पाइप लावलेल्या फळीपुरतं पाहिलं, तर वाक्य खोटं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवतात: आम्हाला जपा, ऊन-पावसात टाकू नका. मला तसलं काही नको. तुमच्याजवळ एखादी हलणारी फळी असेल, किंवा तोंडावर “अजून नाही” म्हणणारं माणूस असेल, तर त्याला बोल्ट मारू नका. पडायचंच असेल तर जिथे छातीएवढं पाणी आहे आणि कुणीतरी हातभर अंतरावर उभं आहे, तिथे पडून घ्या. बाहेर फरशी आहे.

रंग वाळल्यावर मला टांगायला दुसरा एक रंगारी आला. त्याने शिडी लावली आणि मला खांद्यावर घेऊन वर चढला. आमचा रंगारी काठी भिंतीला टेकवून शिडीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून उभा राहिला. येणाजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा शिडी धरतोय. मी वर होते. मला त्याची पांढरी पडलेली बोटं दिसत होती, आणि कोण कुणाला धरून आहे तेही दिसत होतं.